पत्र्याच्या रिकाम्या डब्यांचे तिरंगी कंदील आणि तोरण : कामाचा क्रम

पत्र्याच्या रिकाम्या डब्यांपासून केलेली स्वातंत्र्यदिनाची सजावट बिघडते ती रंगाचा ब्रश हातात घेण्याच्या कितीतरी आधी. डबा वरवर धुतलेला असतो, त्यावर डिंकाचा अदृश्य थर तसाच असतो, रंग थेट चकचकीत पत्र्यावर लावलेला असतो आणि भोके रंग वाळल्यावर पाडलेली असतात. मग पंधरा ऑगस्टच्या सकाळी छान दिसणारा कंदील पावसाची एक सर अंगावर घेतो आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक भोकाखाली गंजाचा तपकिरी ओघळ दिसू लागतो. नखाने जरा खरवडले, तर केशरी रंगाचा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा अखंड सुटून हातात येतो. गेली काही वर्षे आमच्या सोसायटीतील मुलांकडून ही सजावट करून घेताना हे सगळे प्रकार मी जवळून पाहिले आहेत, आणि दर वर्षी चुका त्याच होतात, म्हणून संपूर्ण क्रम येथे सविस्तर देत आहे.

या लेखात प्रामुख्याने भोके पाडलेला कंदील आणि फाटकावर किंवा गॅलरीत बांधायचे डब्यांचे तोरण, अशा दोन वस्तू घेतल्या आहेत. कुंडीविषयी शेवटी थोडक्यात लिहिले आहे.

## सुरुवातीला दोन निर्णय : दिवस किती आणि रंग कसे

दिवस. हे काम एका दिवसाचे नाही. सव्वीस जानेवारीला हवा कोरडी असते, त्यामुळे चार दिवस पुरतात. पंधरा ऑगस्ट ऐन पावसाळ्यात येतो आणि दमट हवेत ऑइल पेंटचा एक हात नीट वाळायला पूर्ण दिवस लागतो, कधी त्याहूनही जास्त. प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) एक, पांढऱ्याचा एक, रंगाचे दोन आणि वर पारदर्शक वॉर्निशचा एक, असे पाच हात धरले, तर धुणे, आत पाणी भरून गोठवणे आणि भोके पाडणे यांसह निदान आठ दिवस हाताशी हवेत. म्हणजे सात ऑगस्टला डबे धुवून तयार असले पाहिजेत. तेरा तारखेला काम सुरू करणाऱ्याने रंगाचा नाद सोडावा आणि भोके पाडून चांदीसारखा उघडा पत्राच ठेवावा. तो अर्धवट वाळलेल्या रंगापेक्षा नक्की चांगला दिसतो.

रंग. येथे सर्वांत गंभीर चूक होते आणि ती बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. डब्यावर वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा पट्टा आणि पांढऱ्यावर निळे अशोकचक्र काढले, की ते राष्ट्रध्वजाचे चित्र होते. राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ यात कापडी ध्वजाबरोबरच कोणत्याही पदार्थावर काढलेले ध्वजाचे किंवा त्याच्या भागाचे चित्रही ध्वजाच्या व्याख्येत येते. त्याच कायद्यात आणि २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या भारतीय ध्वज संहितेत, ध्वजाचा उपयोग काही ठेवण्यासाठी वा वाहून नेण्यासाठी पात्र म्हणून करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. ध्वज फडकवण्यापूर्वी त्यात ठेवलेल्या फुलांच्या पाकळ्यांचा तेवढा अपवाद आहे. ध्वज मुद्दाम जमिनीला टेकवणे, त्यावर अक्षरे लिहिणे आणि केशरी रंग खाली येईल असा तो लावणे, यांनाही मनाई आहे. आता चक्रासह तिरंगा रंगवलेला, आत पेन्सिली किंवा माती भरलेला आणि जमिनीवर ठेवलेला डबा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे प्रेमाने केलेली वस्तू कुठे जाऊन पोहोचते, ते कळेल.

यावर मला पटलेला उपाय साधा आहे. एका डब्याला एकच रंग द्यावा. काही डबे केशरी, काही पांढरे, काही हिरवे, आणि हवे तर एखादा गडद निळा. तिरंग्याचा भाव डब्यांच्या रांगेतून येतो आणि एकही डबा ध्वज होत नाही. अशोकचक्र कुठेही काढू नये. भोकांच्या नक्षीसाठी फुले, कणसे, पाने, मोर, चांदण्या असे कितीतरी पर्याय आहेत.

## टप्पा १ : डबे निवडणे

रसगुल्ला, गुलाबजाम, आमरस, अननसाच्या चकत्या यांचे डबे या कामाला उत्तम. त्यांचा पत्रा पोलादाचा असून त्यावर कथिलाचा अतिशय पातळ मुलामा असतो. हा मुलामाच पोलादाला गंजण्यापासून वाचवतो, ही गोष्ट पुढे घासताना आणि भोके पाडताना लक्षात ठेवायची आहे.

ओळखीसाठी साधे चुंबक वापरावे. चुंबक चिकटले तर डबा पोलादी. शीतपेयाच्या कॅनला ते चिकटत नाही, कारण तो ॲल्युमिनियमचा असतो. त्याचा पत्रा इतका पातळ असतो की खिळा ठोकताच तो चुरगळतो, त्यामुळे कंदिलासाठी हे कॅन बाजूला ठेवावेत.

डब्याच्या अंगावर वळ्या असतील तर नक्षी सरळ उमटत नाही. सपाट अंगाचे डबे कंदिलासाठी आणि वळ्यांचे डबे तोरणासाठी, अशी वाटणी करावी. तोरणासाठी एकाच आकाराचे डबे मिळाले तर फारच चांगले. मिठाईच्या दुकानात किंवा केटरिंगवाल्यांकडे आधी सांगून ठेवले, तर आठवड्याभरात दहा-बारा डबे सहज जमतात.

> सावधान : कीटकनाशकाचे, थिनरचे किंवा रंगाचे जुने डबे घेऊ नयेत. स्प्रेचे डबे रिकामे वाटले तरी त्यांत दाब शिल्लक असू शकतो. त्यांना खिळा किंवा कात्री कधीही लावू नये.

## टप्पा २ : कडा आणि धुणे

झाकण ओपनरने कापले की डब्याच्या आतल्या बाजूला एक धारदार किनार उरते. बोटे कापतात ती येथेच. जाड हातमोजे घालून पक्कडीने ही किनार सगळीकडून आत दाबत न्यावी, मग बारीक कानशीने उरलेली टोके घासावीत आणि शेवटी पॉलिश पेपर फिरवावा. डबा ओपनरऐवजी सुरीने फोडलेला असेल, तर त्याची कड दातेरी असते. असा डबा मुलांच्या हाती देऊ नये.

> तपासणी : कापसाचा बोळा काठावरून आतून-बाहेरून फिरवा. एकही तंतू अडकला नाही, तर कड तयार आहे. बोट फिरवून पाहू नका.

आता लेबल. डबा कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून अर्धा तास बुडवून ठेवला, की कागद निघतो. कागद निघाला म्हणजे काम झाले, असे समजणे ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण डिंक मागे राहतो. ओल्या पत्र्यावर तो दिसत नाही, हाताला किंचित चिकट लागतो एवढेच, पण नेमका त्याच पट्ट्यावरचा रंग महिन्याभरात सुटतो. खाण्याचा सोडा आणि खोबरेल किंवा कोणतेही तेल समप्रमाणात घेऊन लापशीसारखे कालवावे, डिंकावर चोळून पंधरा मिनिटे ठेवावे आणि जुन्या कापडाने रगडून काढावे. तारेची घासणी वापरू नये. ती कथिलाच्या मुलाम्यावर खोल चरे पाडते आणि त्या चऱ्यांतून गंज सुरू होतो.

तेलाने डिंक गेला, पण तेल राहिले, म्हणून डबा पुन्हा साबणाने दोनदा धुवावा. रसगुल्ल्याच्या डब्यात तळाच्या खाचेत पाक अडकून राहतो. तो गरम पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने काढावा, नाहीतर लटकवलेल्या कंदिलाकडे मुंग्यांची रांग लागते.

> तपासणी : धुतलेल्या डब्यावर पाणी ओता. पाणी सलग पडद्यासारखे पसरले तर पत्रा स्वच्छ आहे. थेंब थेंब होऊन घसरले तर तेल शिल्लक आहे, पुन्हा धुवा.

धुतलेला डबा लगेच कापडाने पुसावा. तो पालथा घालून निथळत ठेवला, तर पाणी कडेच्या वळीत साठून राहते आणि पावसाळी हवेत एका रात्रीत तेथे गंज धरतो.

## टप्पा ३ : नक्षी आखणे

डब्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक उभी शिवण असते. तेथे पत्रा जाड असतो, खिळा घसरतो, म्हणून शिवण मागे येईल अशा रीतीने नक्षी मांडावी. कागदाची पट्टी डब्याभोवती गुंडाळून बरोबर घेराएवढी कापावी आणि नक्षी तिच्यावर काढावी.

घेराचे समान भाग करायला मोजपट्टीची गरज नाही. कागदाची पट्टी आधी तीन सारख्या घड्यांत दुमडावी, मग ती घडी अर्धी करावी, पुन्हा अर्धी आणि पुन्हा अर्धी. उलगडल्यावर घड्यांनी पट्टीचे २४ सारखे भाग पडलेले दिसतात. एक सोडून एक घडी घेतली तर १२ भाग होतात. या घड्यांवर ठिपके दिले की भोकांच्या उभ्या रांगा आपोआप सरळ आणि सारख्या अंतरावर येतात. दहा सेंटिमीटर व्यासाच्या डब्याचा घेर सुमारे ३१ सेंटिमीटर असतो, म्हणजे २४ भागांत दोन रांगांमध्ये जेमतेम १३ मिलिमीटर अंतर मिळते. ते पुरेसे आहे. लहान डब्याला १२ रांगाच घ्याव्यात.

दोन भोकांमध्ये निदान ८ मिलिमीटर पत्रा राहिला पाहिजे. त्याहून जवळ ठोकले तर मधला पत्रा फाटतो आणि दोन भोकांचे एकच वेडेवाकडे भगदाड होते. वरच्या आणि खालच्या काठापासून दोन सेंटिमीटर जागा नक्षीशिवाय कोरी ठेवावी.

लटकवण्याची भोके याच वेळी आखावीत. वरच्या काठाखाली एक सेंटिमीटरवर समोरासमोर दोन भोके कंदिलासाठी, आणि तोरणाच्या डब्यासाठी तळाच्या मध्यभागी एक. रंग झाल्यावर आठवण झाली आणि तेव्हा खिळा ठोकला, की डब्याला पोचा येतो आणि भोवतीचा रंग तडकतो. कंदिलाच्या तळालाही तीन-चार भोके हवीत. ती कशासाठी, ते पुढे येईल.

## टप्पा ४ : पाणी भरून गोठवणे

रिकाम्या डब्यावर खिळा ठोकला तर डबा आत दबतो. आत घट्ट आधार हवा आणि त्यासाठी बर्फासारखे सोपे काही नाही, कारण तो डब्याच्या आकाराशी तंतोतंत जुळतो आणि काम झाल्यावर वितळून निघून जातो.

मात्र डबा एकदम काठोकाठ भरू नये. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगते. ते तळाला बाहेर ढकलते आणि मग डबा टेबलावर डुगडुगतो. आधी अर्धा डबा भरून गोठवावा, मग काठाखाली दोन सेंटिमीटर राहतील इतके थंडगार पाणी ओतून पुन्हा गोठवावा. अशा दोन खेपांत तळ कमी फुगतो. थोडा फुगलाच, तर बर्फ निघाल्यावर डबा पालथा घालून लाकडी ठोकळ्याच्या आधाराने हलकेच ठोकून तो बसवता येतो.

एक किलोचा डबा आतपर्यंत गोठायला पूर्ण रात्र लागते. वरून टणक वाटणाऱ्या बर्फाच्या पोटात पाणी असले, तर पहिल्याच घावाला बर्फ तडकतो आणि आधार जातो. फ्रीजरमध्ये जागा नसेल, तर ओली वाळू ठासून भरावी आणि वरून फळी दाबून बांधावी. हे जमते, पण भोकांची कड इतकी सुबक येत नाही.

## टप्पा ५ : भोके पाडणे

नक्षीची पट्टी डब्याभोवती गुंडाळून वर-खाली पूर्ण सेलोटेप लावावी. दोन टोकांना टेप चिकटवून भागत नाही, कारण गोठलेल्या डब्यावर दव धरते आणि कागद पाच मिनिटांत ओला होऊन सरकतो. डबा फ्रीजरमधून काढल्याबरोबर कोरड्या कापडाने पुसून पट्टी लावावी.

गोणपाट किंवा जाड टॉवेल गुंडाळून त्याची पन्हळीसारखी बैठक करावी आणि डबा त्यात आडवा बसवावा, म्हणजे तो गडगडत नाही. दोन ते तीन मिलिमीटर जाडीचा अणकुचीदार खिळा आणि मध्यम वजनाची हातोडी घ्यावी. खिळा पत्र्याला काटकोनात धरावा. पहिला घाव हलका, फक्त खूण बसेल इतका, आणि दुसरा ठाम. खिळा पत्र्यातून आरपार गेल्याचे हाताला कळते, कारण पत्र्याचा चिवट विरोध संपून बर्फाचा ‘कच्च’ असा ठिसूळ आवाज येतो. तेथेच थांबावे. अजून आत ठोकले तर खिळा बर्फात रुततो आणि ओढताना पत्रा वाकतो.

भोके मधून सुरू करून काठाकडे न्यावीत. मोठ्या भोकांसाठी जाड खिळा शेवटी घ्यावा.

> सावधान : डोळ्यांवर चष्मा हवाच, बर्फाचे कण उडतात. लहान मुलांना खिळा धरायला देऊ नये. त्यांना धरायचाच असेल, तर खिळा पक्कडीत किंवा कपड्याच्या चिमट्यात धरून द्यावा.

पंधरा-वीस मिनिटांत डब्याच्या कडेने बर्फ सुटू लागतो आणि तो आत हलतो. तेव्हा नक्षी अर्धी राहिली असली तरी काम थांबवून डबा तासा-दोन तासांसाठी परत फ्रीजरमध्ये ठेवावा. ‘उरली चार भोके, उरकून टाकू’ म्हणून ठोकलेल्या चार भोकांतच पोचे येतात.

## टप्पा ६ : बर्फ काढणे आणि वाळवणे

डबा नळाखाली धरला की बर्फाचा गोळा घसरून बाहेर येतो. उकळते पाणी ओतू नये. भोकांच्या आतल्या बाजूला पत्र्याची काटेरी टोके आलेली असतात, त्यामुळे डब्यात हात घालून पुसू नये. काठीला कापड गुंडाळून पुसावे.

या क्षणापासून घड्याळ सुरू होते. प्रत्येक भोकाच्या कडेला कथिलाचा मुलामा फाटून उघडे पोलाद दिसू लागलेले असते. ऑगस्टच्या हवेत असा ओला डबा रात्रभर ठेवला, की सकाळी प्रत्येक भोकाभोवती नारिंगी कडे दिसते. म्हणून डबा लगेच पुसून पंख्याखाली ठेवावा किंवा हेअर ड्रायरने तळाच्या आणि काठाच्या वळ्या वाळवाव्यात. प्रायमर शक्यतो त्याच दिवशी लावावा.

## टप्पा ७ : घासणे आणि प्रायमर

२२० नंबरचा पॉलिश पेपर डब्याच्या बाहेरून हलक्या हाताने फिरवावा. चकाकी जाऊन पत्रा मंद राखाडी दिसला की थांबावे. हेतू एवढाच, की रंगाला धरायला खरखरीतपणा मिळावा. जोर लावून घासले तर मुलामाच निघून जातो. नंतर थिनरमध्ये किंचित भिजवलेल्या कापडाने सगळी धूळ आणि बोटांचे ठसे पुसावेत आणि त्यानंतर डब्याच्या अंगाला हात लावू नये, आतून किंवा काठाला धरावे.

> सावधान : थिनर खिडक्या उघड्या ठेवूनच वापरावा. जवळ गॅस, उदबत्ती किंवा समई पेटलेली नसावी.

प्रायमर धातूसाठीचा हवा. भिंतीचा प्रायमर पत्र्यावर टिकत नाही. रंगाच्या दुकानात मेटल प्रायमर मागितला, की बहुतेकदा रेड ऑक्साइड हातात देतात. तो गंजाविरुद्ध चांगला आहे, पण त्याचा विटकरी रंग पांढऱ्यातून गुलाबीसर डोकावतो आणि केशरी मळकट दिसतो. आपल्याला पांढरा किंवा फिकट राखाडी मेटल प्रायमर हवा, हे आवर्जून सांगावे.

प्रायमर पातळ लावावा. ब्रशने लावताना भोके बुजतात, म्हणून एक बाजू झाली की प्रायमर ओला असतानाच प्रत्येक भोकातून दातकोरणे फिरवून ते मोकळे करावे. त्याच फेरीत भोकाच्या उघड्या कडेलाही प्रायमर बसतो, आणि गंजाचे ओघळ थांबतात ते नेमके यामुळे. तळाची वळी, शिवण आणि काठाची घासलेली किनार या तीन जागा हमखास सुटतात. त्या आधी रंगवाव्यात आणि मग उरलेले अंग.

कंदील आतून रंगवू नये. आतला चकचकीत किंवा सोनेरी थर प्रकाश परावर्तित करतो.

## टप्पा ८ : रंग

प्रायमर पूर्ण वाळल्यावर सर्व डब्यांना, केशरी आणि हिरव्या होणाऱ्या डब्यांनासुद्धा, पांढऱ्याचा एक हात द्यावा. केशरी रंग स्वभावतः पारदर्शक असतो. राखाडीवर तो विझलेला आणि पांढऱ्यावर तोच उजळ दिसतो.

केशरी म्हणून मिळणारा तयार रंग पुष्कळदा लालसर नारिंगी असतो. त्यात थोडा पिवळा मिसळावा. हिरवा मात्र गडद घ्यावा, पोपटी नको. दोन्ही रंग आधी कापून काढलेल्या झाकणावर लावून, वाळवून, दिवसाच्या उजेडात पाहावेत, कारण ओला आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही. सगळ्या डब्यांना पुरेल इतका रंग एकदाच मिसळावा. दुसऱ्यांदा तीच छटा जुळत नाही.

दोन पातळ हात द्यावेत. एक जाड हात देऊन काम उरकले, तर रंगाचे ओघळ येतात, वरून साय धरल्यासारखा तो वाळतो आणि आत ओलाच राहतो. स्प्रे वापरत असाल तर तो २० ते २५ सेंटिमीटर अंतरावरून, डब्याच्या अलीकडे सुरू करून पलीकडे संपेल असा हात फिरवत मारावा. पाऊस कोसळत असताना स्प्रे मारू नये, दमट हवेत काही स्प्रे रंगांवर पांढरट धुके धरते.

> तपासणी : डब्याच्या तळावर अंगठा दाबून किंचित पिळा. ठसा उमटला नाही आणि रंग सरकला नाही, तरच दुसरा हात द्या. रंगाच्या डब्यावर छापलेली वाळण्याची वेळ सर्वसाधारण हवेसाठी असते, पावसाळ्यात तिच्यावर विसंबू नका.

शेवटी पारदर्शक वॉर्निशचा हात. घाई केली तर सर्वाधिक नुकसान येथे होते, कारण अर्धवट वाळलेल्या ऑइल पेंटवर स्प्रे वॉर्निश पडले की रंग काही मिनिटांत सुरकुततो आणि त्याला घासून पुन्हा पहिल्यापासून रंगवण्याशिवाय इलाज राहत नाही. रंगाच्या शेवटच्या हातानंतर पूर्ण एक दिवस मोकळा सोडावा आणि वॉर्निश आधी तळावर मारून पाहावे. सजावट घरातच लावायची असेल तर वॉर्निश नाही दिले तरी चालते.

## टप्पा ९ : बांधणे आणि लावणे

कंदील. काठाखालच्या दोन भोकांतून जीआय तार (जस्ताचा मुलामा दिलेली तार) ओवून, प्रत्येक टोकाला चार-पाच घट्ट पिळ द्यावेत आणि तारेचे टोक पक्कडीने आत वळवावे. साधी लोखंडी तार पावसात गंजते आणि तिचा डाग रंगावर उतरतो. आत बॅटरीवर चालणारा छोटा दिवा किंवा एलईडीची माळ ठेवावी. मेणबत्ती ठेवू नये, कारण पत्रा झटकन तापतो, रंगाला फोड येतात आणि लटकणाऱ्या तारेला हात लावला तरी चटका बसतो. विजेवर चालणारी माळ वापरत असाल, तर भोकांच्या काटेरी टोकांवर वायर घासणार नाही, याची खात्री करावी आणि उघड्यावर ती लावूच नये.

तोरण. तोरणाचे डबे पालथे, घंटेसारखे बांधावेत. तळाच्या भोकातून नायलॉनची दोरी घालून आत एक मोठा वॉशर किंवा बटण अडकवून गाठ मारावी. सुतळी भिजली की गाठी सैल होतात आणि रंगावर तिचे डाग पडतात. दोन डब्यांमध्ये निदान एका डब्याच्या रुंदीइतके अंतर ठेवावे, नाहीतर वाऱ्यावर ते एकमेकांवर आपटतात आणि रंगाचे टवके उडतात. तोरण प्रौढ माणसाच्या डोक्याला लागणार नाही इतक्या उंचीवर हवे. कडा कितीही घासल्या असल्या, तरी पालथ्या डब्याची कड ही पत्र्याचीच कड असते.

रंगांचा क्रमही येथे सांभाळावा. डबे एकाखाली एक बांधले तर केशरी सर्वांत वर. आडव्या तोरणात, पाहणाऱ्याच्या डावीकडून केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम घ्यावा. ध्वज भिंतीवर उभा लावतानाही केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. आपले डबे ध्वज नसले तरी हाच क्रम डोळ्याला ओळखीचा वाटतो. ज्या खांबावर राष्ट्रध्वज फडकणार आहे, त्या खांबाला मात्र काहीही बांधू नये. सजावट त्याच्यापासून दूर आणि ध्वजाहून खाली असावी.

कुंडी. तळाला पाच-सहा भोके, आतूनही प्रायमर आणि रंग, आणि शक्य असेल तर रोप प्लॅस्टिकच्या लहान कुंडीत लावून ती डब्यात ठेवावी. ओली माती थेट पत्र्याला लागली, तर एका पावसाळ्यात तळ गळून पडतो.

## टप्पा १० : पाण्याचा निचरा आणि काढून ठेवणे

उघड्या तोंडाचा डबा पावसात टांगला की त्यात पाणी साठते, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास उडायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे पंधरा ऑगस्टला लावलेला आणि विसरलेला कंदील महिना संपायच्या आत डास सोडू लागतो. कंदिलाच्या तळाला भोके पाडायला सांगितली ती यासाठी. रंगाने ती बुजलेली नाहीत ना, हे लावण्यापूर्वी डब्यात वाटीभर पाणी ओतून पाहावे. ते मिनिटाभरात पूर्ण निघून गेले पाहिजे. तळ मध्यभागी वर उचललेला असेल, तर भोके मध्यात न पाडता काठालगतच्या सखल भागात पाडावीत, नाहीतर कडेने पाण्याचे कडे साचून राहते.

सजावट सोळा तारखेला उतरवावी. प्रत्येक डबा आतून-बाहेरून पुसावा, दिवे आणि बॅटऱ्या काढाव्यात, कारण आत राहिलेली बॅटरी पाझरून पत्रा खाते. टवका उडालेल्या जागी गंजाचा ठिपका दिसला, तर तेवढाच भाग पॉलिश पेपरने घासून, प्रायमरचा ठिपका देऊन, वर रंग लावावा. यासाठी मिसळलेला केशरी आणि हिरवा रंग घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत, बाटली जवळजवळ काठोकाठ भरून, आधीच काढून ठेवावा. मग डबे एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवावेत. ते एकात एक घालू नयेत, आतली काटेरी टोके दुसऱ्याच्या रंगावर ओरखडे पाडतात. खोके माळ्यावर टाकायचे असेल, तर त्याच्यावर ‘कड धारदार’ असे ठळक लिहावे, म्हणजे सव्वीस जानेवारीला ते दुसऱ्या कोणी उघडले तरी हात कापणार नाही.